परत आत जायचं नाही

भूकंप झाला की माणसं घरातून बाहेर पळतात. सोलीजान अंगणातून घरात पळाला.

मार्गिलानच्या त्या गल्लीत दूधवाली नुकतीच हाळी देऊन गेली होती. सोलीजान अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली माच्यावर बसून पेपर वाचत होता, म्हणजे त्या क्षणी घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी तोच होता. एकाएकी जमिनीने अंग झटकलं. फडताळातले पियाले खळखळले, शेजारच्या तोजी खालाचं गाढव बोंबललं, आणि आतून सून हुल्कार दोन्ही पोरींना ओढत बाहेर आली. तिच्या मागून मुलगा झाकीर, एक बूट पायात आणि एक हातात. त्यांना कोपराने बाजूला सारून म्हातारा सुसाट आत शिरला. सत्तरी ओलांडलेला, एरवी माच्यावरून उठताना दहादा कण्हणारा माणूस! हुल्कारने जिवाच्या आकांताने हाक मारली, पण ऐकतोय कोण. तो आत गेला आणि चौकटीवरचा गिलाव्याचा भलामोठा पोपडा सुटून, त्याचं पाऊल पडलं होतं तिथेच येऊन फुटला.

हादरा थांबला. जरा वेळाने सोलीजान बाहेर आला. टोपीवर पांढरी धूळ, आणि हात रिकामे.

"अदाजान, कशासाठी गेला होतात आत?" हुल्कारने विचारलं. सासऱ्याला ती अदाजानच म्हणायची, आणि सासू होती तोवर तिला ओयीजान.

"चष्मा राहिला होता."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

कुणी हसलं नाही. फक्त धाकटी मुनिसा, वय वर्षं तीन, बोट दाखवून म्हणाली, "बोबो, तो बघा चष्मा." आजोबाने चष्मा काढला, अंगरख्याच्या टोकाने पुसला, आणि परत नाकावर चढवला.

त्या दिवशी हुल्कारने ठरवलं की आता पिशवी भरायचीच. ती गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत शिकवायची. तिथे सरकारी माणसं येऊन सांगून गेली होती की ही खोऱ्यातली जमीन काही भरवशाची नाही, प्रत्येक घराने दाराशी एक पिशवी तयार ठेवा. बाकीच्या बायांनी मान डोलावली आणि चहा पिऊन घरी गेल्या. हुल्कारनेही तेव्हा तेच केलं होतं.

"बाजारात तयार मिळते की," झाकीर जेवताना म्हणाला. "नारिंगी रंगाची. आत सगळं असतं."

"सगळं म्हणजे काय हो? एक शिट्टी, दोन मेणबत्त्या आणि आपल्या पोरी तोंडात धरणार नाहीत अशी बिस्किटं. त्या पैशांत थंडीभराचा कोळसा येईल. सामान आपल्या घरातच आहे, घरभर सांडलंय एवढंच."

"मग काय काय लागतं त्याचा कागद दिला असेल ना त्यांनी?"

"दिला होता. पण मला एकच कळतं." हुल्कारने पळी खाली ठेवली. "ज्यासाठी आपल्यातलं कुणी परत आत पळेल, ते पिशवीत हवं. मग आत जायचं कारणच उरत नाही. बोला, कोण कशासाठी पळेल?"

"मी मांजरीसाठी," थोरली शहलो म्हणाली.

"मांजर तुझ्या आधी भिंतीवर असते. दुसरं सांग."

"साखर!" मुनिसा म्हणाली.

झाकीर म्हणाला, घराचे कागद. हुल्कार म्हणाली, मुनिसाचं धाप लागल्यावरचं औषध. मग सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्याकडे वळल्या.

"मला काय हवंय या वयात?" सोलीजान पियाल्यात बघत म्हणाला.

"मग धावलात कशाला?"

"सांगितलं ना, चष्मा!"

जुना चष्मा, एका काडीला दोरा बांधलेला, हुल्कारने शोधून पिशवीत टाकला.

पिशवीसुद्धा विकत आणली नाही. माळ्यावर सोलीजानचीच एक करड्या जाड कापडाची पाठपिशवी होती. तिने ती झटकली तेव्हा अंगणभर धूळ उडाली, आणि म्हाताऱ्याला त्या धुळीतसुद्धा ताश्कंदचा वास आला. भूकंपात ताश्कंद पडलं त्या वर्षी हीच पिशवी पाठीवर मारून तो विटा वाहायला गेला होता. तेव्हा मिसरूड नुकतं काळं झालेलं. अर्धं शहर रस्त्यावर तंबूत राहत होतं. दिवसभर मलबा उपसायचा, आणि दुपारी सावली दिसेल तिथे बसायचं. एका तडकलेल्या घरापुढे असाच एक तंबू होता, तंबूच्या तोंडाशी एक गाठोडं घेऊन एक बाई बसलेली, आणि तिची मुलगी येणाऱ्याजाणाऱ्या मजुरांना चहा देत होती. त्या मुलीने सोलीजानच्या हातावर नानेचा एक वाळका तुकडा ठेवला. त्याने रुबाबात तो तसाच कडाडकन चावला.

"चहात बुडवा हो," मुलगी म्हणाली होती, "दात जाईल. बिनदाताच्या माणसाला कुणी मुलगी देत नाही."

ती इनोबत. ताश्कंद सोडताना पिशवीत त्याचे दोन सदरे होते आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. पुढे जन्मभर तो लोकांना सांगत असे, "राजधानी पडली तेव्हा माझं घर उभं राहिलं," आणि इनोबत म्हणे, "उभं कसलं, मीच टेकू देऊन ठेवलंय."

आईची सवय लेकीने मार्गिलानलाही आणली. त्यांच्या दाराशी खुंटीला कायम एक गाठोडं टांगलेलं असे. गुलाबाच्या फुलांचा मोठा रुमाल, त्यात वाळवलेल्या नानेचे तुकडे, जर्दाळू, चहाची पुडी, मीठ, काडेपेटी. सोलीजान तेव्हा फर्गान्याची बस चालवायचा. कामावर निघताना गाठोड्याला टिचकी मारून म्हणायचा, "आमची बायको माहेरी जायला कायम तयार!" ती म्हणायची, "एक दिवस खरंच जाईन, मग बसा हात चोळत." ते गाठोडं पोरांनी कधी चोरून उघडलं, कधी त्यातले जर्दाळू पाहुण्यांपुढे गेले, पण सांजेला ती ते पुन्हा भरून खुंटीला लावायचीच. ती गेल्यावर गाठोडं कधी सुटलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. खुंटीवर झाकीरचं जाकीट आलं.

आणि गाठोड्याचा रुमाल? तो सोलीजानच्या खोलीत होता. संदुकीवर रचलेल्या गोधड्यांच्या मागे. त्या रुमालात जे होतं त्यासाठी म्हातारा आत पळाला होता.

चार वर्षांपूर्वी इनोबतला शस्त्रक्रियेसाठी ताश्कंदच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं. दारात गाडी उभी. झाकीर पुढे बसलेला, हुल्कार पोटुशी, हात दारावर टेकून उभी. इनोबत गाडीत बसता बसता थांबली.

"अहो, फौजेत जाणाऱ्या पोरांना नानेचा घास तोडायला देता. मला नाही का? का मी परत येऊ नये असा बेत आहे?"

कुणी लांब निघालं की त्याने अख्ख्या नानेचा एक घास चावून तोडायचा आणि उरलेली नान घरात उंचावर जपून ठेवायची, की ती नान त्याला परत ओढून आणते. तो आला की तीच नान सगळ्यांनी वाटून खायची. पण हे पोरासोरांसाठी. साठी उलटलेल्या बायकोसाठी कुणी करत नाही. तरी सोलीजान धावत तंदुराशी गेला आणि गरम नान घेऊन आला. इनोबतने तोंड उघडलं. तिचे पुढचे दात सोन्याचे होते, मधला एक पडलेला. तिने घास तोडला, तर नानेच्या कडेला चंद्रकोर उमटली आणि कोरीच्या मधोमध, पडलेल्या दाताच्या जागी, एक बारीक जीभ राहिली. तोंडात घास असतानाच ती हसत म्हणाली, "जपून ठेवा. आल्यावर चहात बुडवून एकेक तुकडा सगळ्यांना देईन, भांडू नका."

नानेने तिला ओढून आणलं नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर तोजी खाला म्हणाली, माणूसच आलं नाही तर नान ठेवू नये, भिजवून पाखरांना घालावी. सोलीजानने मान हलवली. दुसऱ्या दिवशी हुल्कारने विचारलं तेव्हा म्हणाला, "घातली चिमण्यांना." घातली होतीच, पण दुसरी. इनोबतची नान तिच्याच रुमालात बांधून त्याने गोधड्यांमागे सारली होती. कधी घरात कुणी नसताना तो गाठ सोडून त्या कोरीवरून अंगठा फिरवायचा. नान दगड झाली होती, पण कोर जशीच्या तशी होती. तिचा फोटो भिंतीवर होता, पण फोटोत तिने तोंड मिटलेलं होतं. हसली होती ती या नानेतच.

आता हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं? एक तर खोटं बोललेलं. दुसरं म्हणजे, बायको जाऊन चार वर्षं झाली तरी म्हातारा तिची शिळी नान उराशी धरून बसलाय, असं गल्लीत कळलं असतं तर चहाखान्यात बसायची सोय राहिली नसती. गुपचूप पिशवीत टाकावी, तर हुल्कार दर आठवड्याला पिशवी उपसून बघायची. आणि मनात कुठेतरी हेही होतंच की घास तोडलेली नान घराबाहेर काढायची नसते.

पिशवी मात्र भरत चालली. सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत उकळून गार केलेलं पाणी. काड्या ओल्या होऊ नयेत म्हणून मुरंब्याच्या बरणीत. उरलेल्या मेणबत्त्या वितळवून चहाच्या डब्यात ओतलेला एक जाडजूड दिवा. मेजावरचं फाटकं मेणकापड, पावसात डोक्यावर धरायला. कागद दुधाच्या पिशवीत. खारट दह्याच्या वाळक्या गोळ्या, जर्दाळू, चहाची पुडी, तुतीचं पीठ, आणि मुनिसासाठी साखरेचे खडे. हुल्कारने एक पैसाही खर्च केला नाही असं नाही, शिट्टी विकत आणली. तीही शहलोने आठ दिवसांत चावून चपटी केली.

शिट्टी आल्यावर कवायती सुरू झाल्या. शहलो मनात येईल तेव्हा फुंकायची आणि सगळ्यांनी असतील तसे जर्दाळूखाली पळायचं. पहिल्या खेपेला म्हातारा दारापर्यंत आला आणि मागे फिरला.

"अदाजान!"

"गोळ्या. रक्तदाबाच्या गोळ्या राहिल्या."

हुल्कारने गोळ्या पिशवीत टाकल्या. पुढच्या खेपेला तो परत फिरला.

"आता काय?"

"रेडिओ. बातम्या कशा कळणार?"

रेडिओ पिशवीत गेला. मग मफलर, मग दाढीचं सामान, मग बसच्या नोकरीतलं बिल्ला लावलेली टोपी. पिशवी बाळंतपणाला आलेल्या गाईसारखी दिसू लागली. दर वेळी शिट्टी वाजली की त्याचे पाय आपसूक मागे वळत. आपण वेडेपणा करतोय हे त्याला कळत होतं, पण पायांना कळत नव्हतं.

कुंपणावरून तोजी खाला बघायचीच. "हुल्कार, तुझ्या सासऱ्याला पिशवीत घाल आणि घर बाहेर ठेव. तेच सोपं पडेल!"

हुल्कार हसली, पण त्या दिवशी पोरी खेळायला गेल्यावर ती सासऱ्यासमोर येऊन बसली.

"अदाजान, खरं सांगा. तुम्हाला आतच राहायचंय का?"

"म्हणजे?"

"ओयीजान गेल्यापासून तुम्ही... म्हणजे असं वाटतं का, की आता जगून काय करायचं?"

सोलीजान चपापला. असं काही त्याच्या मनात नव्हतं. नातींची लग्नं बघायची होती, जर्दाळूला या वर्षी बहर चांगला होता. पण सुनेच्या डोळ्यांत पाणी बघून त्याच्या ओठांवर खरं आलं. आलं, आणि तिथेच अडलं.

"काहीतरीच बोलू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला नाही फिरणार मागे."

"मुनिसाच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

"शपथा कसल्या घालतेस गं!" म्हणून तो टोपी घालून चहाखान्यात निघून गेला. वाटेत त्याने मनाशी ठरवलं की आज परत गेल्यावर सांगून टाकायचं. हसली तर हसू दे. रडली तर आपणही रडू.

तो परतला तेव्हा अंगणात ऊन खात गोधड्या पसरल्या होत्या. त्याच्या खोलीतल्या गोधड्या. माच्यावर स्वच्छ चादर अंथरून तिच्यावर नानेचे तुकडे वाळत घातलेले, आणि हुल्कार वरवंटा धूत होती.

"आलात? चहा ठेवते. आज पिशवीसाठी नान वाळवायला काढली. चार दिवसांची शिळी होती ती, आणि अहो, तुमच्या गोधड्यांमागे पण एक सापडली, ओयीजानच्या रुमालात! किती दिवस दडवली होतीत? गाठ न सोडता वरूनच दाबली, तर तुटता तुटेना. खाली कण सांडू नयेत म्हणून रुमालात तशीच बांधलेली ठेवून वरवंट्याने फोडली, तेव्हा कुठे फुटली." ती मायेने हसत होती. आपल्याकडे नान कुणी टाकत नाही, म्हातारी माणसं तर कोपऱ्याकोपऱ्यात जपून ठेवतात, तिला त्यात नवल वाटायचं काही कारणच नव्हतं. "भूक लागते का तुम्हाला मधेच? सांगत जा ना."

सोलीजान माच्याच्या कडेला बसला. चादरीवर तुकडेच तुकडे होते, सगळे सारख्या रंगाचे, सगळ्यांवर तेच काळे तीळ. त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार काय? चिमण्यांनी खाल्लेली नान सुनेने फोडली म्हणून? इनोबत दुसऱ्यांदा गेली असं त्याला वाटलं, आणि या खेपेला रडायला चारचौघांत बसायचीही सोय नव्हती.

"अदाजान, बरं वाटत नाही का?"

"ऊन लागलं," तो म्हणाला.

हुल्कारने वाळलेले तुकडे त्याच गुलाबाच्या रुमालात बांधले. "ओयीजान अशीच बांधायची," ती म्हणाली आणि गाठोडं पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर सोलीजानने गाठोडं सोडलं. फाटक वाजायच्या आत जेवढे हाताला आले तेवढे तुकडे उचलून उजेडात धरले, कडांवरून अंगठा फिरवला. बरेचसे चुऱ्यात गेले होते. कोर सापडली नाही. एकदा वाटलं ही, एकदा वाटलं ती, आणि शेवटी सगळ्याच कडा कोरीसारख्या दिसायला लागल्या. पण ती यात कुठेतरी आहे एवढं नक्की होतं. त्याने गाठ जशी होती तशी मारली.

त्या दिवसापासून म्हातारा आणि पिशवी वेगळे दिसेनात. माच्यावर बसला की पिशवी शेजारी. झाडाला पाणी घालायला उठला की पिशवी पाठीवर. चहाखान्यात तो ती घेऊन आला तेव्हा बुद्धिबळ थांबलं.

"सोली-अका, हजला निघालात की सासुरवाडीला?"

"सासुरवाडीला," सोलीजान म्हणाला. "तुम्हाला काय करायचंय?"

हुल्कारने रुमालातली नान बदलायचं काढलं तर तो खेकसला, "बदलायची नाही. जुनी नान टिकाऊ असते." शहलोची शिट्टी वाजली की आता तो सर्वांच्या आधी जर्दाळूखाली उभा असे. हुल्कारने गल्लीत सगळ्यांना सांगितलं की अदाजान अखेर सुधारले. तोजी खाला म्हणाली, "सुधारला कसला, पिशवीत सोनं दडवलं असेल."

जर्दाळू पिकायला लागले होते तेव्हा तो दुसरा हादरा आला. भर दुपारची वेळ. या खेपेला जमिनीने अंग झटकलं नाही, ती जात्यासारखी गरगरली. शिट्टी वाजली की नाही कुणालाच आठवत नाही. हुल्कार मुनिसाला उराशी धरून ओसरीवरून उडी मारून आली आणि तिने आधी दाराकडे बघितलं, सासरा आत शिरताना दिसेल म्हणून. तो तिथे नव्हता. तो जर्दाळूखाली होता, एका हाताने शहलोला आणि दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी कवटाळून. पिकले, न पिकले सगळे जर्दाळू टपाटप त्यांच्या डोक्यांवर पडत होते. मग घरातून एक मोठा आवाज आला आणि खिडक्यांमधून धुळीचा लोट बाहेर पडला.

थांबल्यावर झाकीर कामावरून धावत आला आणि खिडकीतून डोकावून परतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमच्या खोलीचं आढं आलंय खाली," तो बापाला म्हणाला. "संदुकीवर. संदूक चेपलीय पार."

सोलीजान किती वेळा त्या संदुकीपुढे, गोधड्यांमागे हात घालून उभा राहिला होता, हे त्यालाच ठाऊक होतं.

सरकारी माणसं येऊन तपासून जाईपर्यंत कुणी आत जायचं नाही असं ठरलं. सगळी गल्ली रस्त्यावर आली. कुणी सतरंजी आणली, कुणी ओसरीवरची किटली आणि पियाले, कुणी नुसत्या हातांनी आलं. तोजी खालाने गाढवाला तुतीला बांधलं आणि त्याला शिव्या देत रडली. पोरं आधी भ्यायली, मग पळापळी खेळू लागली, आणि ऊन कलायला लागलं तशी त्यांना भूक लागली. घराघरांत चुली होत्या, पण चुलीपर्यंत जाता येत नव्हतं. अख्ख्या गल्लीत भरलेली पिशवी एकच होती.

झाकीरने विटांची चूल मांडली, हुल्कारने मेणकापड अंथरलं. बाटल्यांमधलं पाणी किटलीत गेलं, मुरंब्याच्या बरणीतल्या काड्या पहिल्या झटक्यात पेटल्या. जर्दाळू, दह्याच्या गोळ्या, साखरेचे खडे मेणकापडावर आले. रेडिओही उपयोगी पडला, तोजी खालाने तो कानाला लावून ठेवला. मग हुल्कारने रुमालाच्या गाठोड्याकडे हात नेला आणि थांबली. सासऱ्याचा हात त्यावर होता.

"अदाजान?"

सोलीजानने वर बघितलं. शेजारची पोरं वर्तुळ करून बसली होती. तोजी खालाचे हात रिकामे, मांडीवर. तंबूच्या तोंडाशी बसलेली ती बाई त्याला आठवली, आणि कोण कुठला हे न विचारता मजुरांच्या हातावर नान ठेवणारी तिची लेक. लोक भुकेले समोर असताना इनोबतने गाठ सोडायला वेळ लावला असता का? तिनेच त्याला फटकारलं असतं.

"मी सोडतो," तो म्हणाला.

त्याने गाठ सोडली आणि तुकडे आपल्या हाताने वाटले. एक तोजी खालाला, एक झाकीरला, एकेक पोरांना. प्रत्येक तुकडा हातातून जाताना त्याचा अंगठा कडेवरून फिरायचा. ज्याच्या हातात जाईल त्याला काही कळणार नव्हतं, आणि कदाचित आपल्यालाही कधी कळणार नव्हतं. हळूहळू रुमाल रिकामा झाला. तळाचा चुरा त्याने तळहातावर घेतला आणि तोंडात टाकला. त्याला काही चव नव्हती, जराशी रुमालाची होती.

मुनिसा त्याच्या मांडीला टेकून बसली होती. तिने आपला तुकडा गाठोड्यातून मघाशीच स्वतःच्या हाताने उचलला होता, आजोबा वाटतायत तोवर थांबायचं तिचं वय नव्हतं. दोन्ही हातांत धरून ती तो कुरतडत होती, पण दात लागत नव्हता. तिने तुकडा फिरवला, दुसरी बाजू तोंडाशी नेली. त्या बाजूला कोर होती. मधोमध बारीक जीभ असलेली, जशीच्या तशी. मुनिसाने तोंड उघडून तिचे इवलेसे दात बरोबर त्या कोरीत बसवले.

सोलीजानने चष्मा नाकावर वर सरकवला. हुल्कारने त्याच्याकडे बघितलं, मग तो बघत होता तिकडे बघितलं. इनोबत निघाली त्या दिवशी दारावर हात टेकून तीच तर उभी होती. तिच्या हातातून किटलीचं झाकण पडलं.

"चिमण्यांना घातली म्हणाला होतात," ती कशीबशी बोलली. "अदाजान... आणि मी ती वरवंट्याने... म्हणून तुम्ही आत..." तिने झेप घेऊन पोरीच्या हातातला तुकडा धरला.

म्हाताऱ्याने सुनेचं मनगट पकडलं.

"राहू दे, पोरी."

"पण ओयीजानची..."

"आल्यावर सगळ्यांना एकेक तुकडा देईन म्हणाली होती." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता, सगळी गल्ली बघत असताना. "दिला बघ. भांडू नका."

मुनिसाने आईकडे आणि आजोबाकडे आळीपाळीने बघितलं, आणि आपला तुकडा जाणार नाही याची खात्री झाल्यावर तक्रार केली.

"बोबो, हे कडक आहे."

सोलीजानने आपला पियाला तिच्यापुढे सरकवला.

"चहात बुडव गं," तो म्हणाला, "दात जाईल."